हेरंबरावांच्या वाटणीची वाफ

सोसायटीच्या वाफघराच्या काचेच्या दाराबाहेर हेरंबराव चिटणीस आपलं मोकळं मनगट चोळत उभे होते. त्यांचा नाडी मोजणारा ओळखपट्टा आत होता, त्यांच्या बायकोच्या, कुमुदताईंच्या हातावर.

आठवड्यातून चारदा वाफ घेतली नाही, तर सरकारी उपचार बंद होत. हेरंबरावांचा वाफेत जीव घुसमटायचा. "तुमच्यासाठी उपवास करतेच ना मी? मग वाफ घ्यायला काय जातंय माझं?" असं म्हणून कुमुदताई वर्षभर नवऱ्याच्या वाटणीची वाफही घेत होत्या. यंत्र फक्त पट्टा ओळखायचं.

आज मात्र यंत्राने हेरंबरावांच्या रक्तदाबासाठी वेळ वाढवला होता. दहा मिनिटांऐवजी चाळीस.

पंचविसाव्या मिनिटाला आतून काच वाजली. "अहो, उघडा. गरगरतंय मला."

हेरंबरावांनी दार ओढलं. ते हललं नाही; वेळ संपेपर्यंत यंत्राने ते बंद करून ठेवलं होतं.

"दार उघड! आत माझी बायको आहे!"

"आत श्री. हेरंब चिटणीस आहेत," भिंतीतला आवाज गोडपणे म्हणाला. "आपण कोण?"

"मीच हेरंब चिटणीस!"

"कृपया पट्टा दाखवा."

त्यांनी बाहेरचं स्टूल उचलून काचेवर हाणलं. साधा ओरखडाही उठला नाही. पलीकडे वाफेत कुमुदताईंचा तळवा काचेवरून हळूहळू खाली घसरत गेला आणि दिसेनासा झाला.

"अभिनंदन, हेरंबराव," आवाज म्हणाला. "वर्षभराच्या नियमित वाफेचं हे फळ. तुमची नाडी इतकी शांत कधीच नव्हती. अजून खाली येते आहे. अशीच येऊ द्या, फक्त तेरा मिनिटं राहिली."