तीन रोपांची ओळ

तिसरा प्रश्न पाहिला आणि सुंदराने पेन खाली ठेवलं. इंग्रजी क्रियापदांचा तक्ता होता. सगळी सरळ चालीची क्रियापदं. आजचं रूप छापलेलं, कालचं आणि उद्याचं आपण लिहायचं. गेल्या दोन्ही खेपांना याच प्रश्नाने तिला बुडवलं होतं. या खेपेला ती झोपेत बडबडायची इतकं सगळं पाठ होतं, आणि आता एक अक्षर आठवेल तर शपथ.

खिडकीतून शाळेची पायरी दिसत होती. पायरीवर नागू विडी ओढत बसला होता. तिचा नवरा. त्याच्या हातचा मार असह्य झाला तेव्हा ती कडावच्या सासरहून उठून माहेरी आली होती. भाऊ भिवाजीने सरळ सांगून टाकलं होतं, मॅट्रिक झालीस तर नर्सच्या ट्रेनिंगला खुशाल जा, पण या खेपेलाही इंग्रजी राहिलं तर गुमान नांदायला जायचं. निकालाला अजून अवकाश होता. नागूला मात्र तेवढाही दम नव्हता. सकाळच्या एसटीने कर्जतला येऊन तो परीक्षेच्या दारात ठाण मांडून बसला होता. बायको नापास होणार याची एवढी खात्री कुणाला असू नये.

सुंदराने डोळे मिटले. काही येईना. खरी गोची अशी होती की हे तिने बाकावर बसून पाठ केलंच नव्हतं. अभ्यासाला वेळ देतो कोण? आषाढात भाताच्या लावणीला वाकल्या वाकल्या, हातात रोपांची मूठ धरून तिने ते घोकलं होतं. एक रोप आजचं, एक कालचं, एक उद्याचं. तीन रोवली की एक पाऊल मागे. वॉक, वॉक्ड, विल वॉक. शेजारच्या बायकांनी आधी पोटभर हसून घेतलं, मग त्याही त्याच तालावर लावू लागल्या. म्हातारी मोतीबाई तर तिला चुकूच देत नसे. "हात थांबला का तोंड थांबतंय गं तुजं," ती म्हणायची. "हात चालू ठेव."

हात. सुंदरा बाकाखाली वाकली आणि अंगठा नि दोन बोटं फरशीवर दाबली. वॉश. वॉश्ड. विल वॉश. तिने पटकन वर होऊन लिहिलं. पुन्हा वाकली. कुक, कुक्ड. पुन्हा वर आली तेव्हा सुपरवायझर मास्तर डोक्यावर उभे होते.

खाली काय लपवलंय, त्यांनी विचारलं. काही नाही म्हटल्यावर बाक सरकवून पाहिला, पदर झटकायला लावला, पेपर उलटापालटा केला. चिठ्ठी सापडली नाही म्हणून ते जास्तच चिडले. हात बाकावर ठेवून लिही, नाहीतर उठवीन, असा त्यांनी दम भरला.

तिने हात बाकावर ठेवले. डोकं पुन्हा रिकामं. घड्याळ पुढे चाललं होतं. मास्तर वळले तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"सर, मला खाली बसू द्या," ती म्हणाली. बोलता बोलता तिला रडू फुटलं. "वर बसून नाय येत मला. पाया पडते."

आख्खा वर्ग हसला. मास्तरांनीही कपाळाला हात लावला. पण हिच्यापाशी काही नाही हे त्यांनी स्वतःच पाहिलं होतं, आणि बाईमाणूस रडायला लागलं की त्यांना सुचेनासं होत असे. फळ्यापाशी, दाराजवळ, सगळ्यांना दिसेल असं बस म्हणाले.

सुंदराने पदर खोचला. ती दाराजवळच्या फरशीवर वाकली, पेपर पायाशी घेतला आणि लावणी सुरू केली. तीन ठिकाणी बोटं दाबायची, लिहायचं, एक पाऊल मागे. वेट, वेटेड, विल वेट. पोरं हसायची थांबली. बाकांच्या मधल्या वाटेने ती मागे मागे सरकत गेली. मनातून मोतीबाई ताल धरून होती. तक्त्यात शेवटचं क्रियापद होतं रिटर्न. उद्याच्या रकान्यात 'विल रिटर्न' लिहिताना तिचा हात अडला. मग तिने ते लिहिलं. कागदावर लिहायला काय जातंय.

एवढ्यात दारात सावली पडली. नागू होता. मास्तर ओरडलेले त्याने ऐकलं होतं, मग खिडकीतून तिचा बाक रिकामा दिसला होता. त्यावरून त्याने काय ते ओळखलं.

"उठवली ना?" तो हसत म्हणाला. "झाली तेवढी शोभा पुरे झाली. चल घरी."

मास्तर मागच्या बाकांपाशी होते. त्यांनी कोण तुम्ही म्हणून हटकलं, पण नागूने तिकडे लक्ष दिलं नाही. तिला धरून न्यायला त्याने उंबऱ्याच्या आत पाय उचलला.

सुंदरा वर्गाच्या पार मागच्या टोकाला वाकलेलीच होती. तिच्यात नि त्याच्यात सगळी फरशी होती. तिने मान तेवढी वर केली.

"तितंच थांबा," ती म्हणाली. "लावलेल्यात पाय टाकू नका."

आणि भाताच्या खाचरांत लहानाचा मोठा झालेल्या नागूचा उचललेला पाय, त्याला काही कळायच्या आत, उंबऱ्याबाहेर मागे गेला.