सातव्या कोठारातला माल

सातव्या कोठाराचं कुलूप काही केल्या किल्लीला दाद देईना, तेव्हा बिल्डरच्या इंजिनिअरने कटर मागवला. मोजणीदार बाई नकाशाची गुंडाळी काखेत धरून बाजूला उभी राहिली. आधीची सहा कोठारं रिकामी निघाली होती. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पण हे सातवं. याच्या दारात तिच्या वडिलांनी एकोणीस वर्षं पहारा दिला होता.

लष्कराची ही साठ एकर जमीन कितीतरी वर्षं नुसती पडून होती. आता ती भाडेपट्ट्याने बिल्डरला मिळणार होती. त्याआधी मोजणी व्हायची होती आणि ते काम तिने साहेबांच्या मागे लागून स्वतःकडे घेतलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

भिंतीपलीकडच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत ती लहानाची मोठी झाली. वडील भिंतीच्या आत, पहारेकऱ्यांच्या बराकीत. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे, एक रात्र राहायचे आणि तिला जाग यायच्या आत निघून जायचे. वर्गातल्या एकीचे वडील बोटीवर होते, एकीचे सीमेवर. लांब असलेला बाप तिला कळत होता. दोनशे पावलांवरचा बाप घरी का येत नाही, हे मात्र कळत नव्हतं. चौथीत असताना जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला. प्लॅस्टर बघायला वडील आले ते अकराव्या दिवशी.

"आत असं आहे तरी काय, बाबा?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"ते सांगायचं नसतं," ते म्हणाले होते. "पण फार मोलाचं आहे."

त्या दिवसापासून आत आपलं कुणीतरी लाडकं भावंड राहतं, असं तिला वाटायला लागलं. तिच्या वाटचं सगळं त्यालाच मिळत होतं. मोठी झाली, नोकरीला लागली, आईही गेली, तरी तो हेवा काही गेला नाही. एकदा, फक्त एकदा, तिला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

कुलूप खाली पडलं. दोघा मजुरांनी खांदा लावून दार ढकललं.

आत काहीच नव्हतं. लोखंडी मांडण्या ओळीने उभ्या होत्या. त्यांच्यावरचा हिरवा रंग कुठेही खरवडलेला नव्हता. फरशीवर एखादी पेटी ओढल्याचा ओरखडासुद्धा नव्हता. खिळ्याला अडकवलेल्या पत्र्याच्या फायलीत एकच कागद होता. इंजिनिअरने तो मोठ्याने वाचला. "बांधकाम पूर्ण. साठा दुसऱ्या ठिकाणी वळवण्यात आला आहे. पुढील आदेश येईपर्यंत पहारा चालू ठेवावा."

तो हसला. "मॅडम, इथे कधी काही आलंच नाही. आणि पुढचा आदेश कुणी काढलाच नाही. बिचारे पहारेकरी हवा राखत बसले!"

तिने हातातल्या मोजणीच्या फॉर्मकडे पाहिलं. 'शेवटचा वापर कशासाठी?' असा एक रकाना होता. तिचं पेन त्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. हवा. त्या हवेपायी आईने एकोणीस वर्षं एकटीने संसार ओढला. हवेपायी ती स्वतः मोडका पाय घेऊन अकरा दिवस दाराकडे डोळे लावून पडली होती.

वडील बाहेर झाडाखाली खुर्चीवर बसले होते. हद्दीचे तीन दगड कुणाला सापडत नव्हते आणि ते ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता, म्हणून तिने आज त्यांना जीपमधून आणलं होतं. वय अठ्ठ्याहत्तर. सकाळी त्यांनी स्वतः दाढी केली होती आणि बूट दोनदा पुसले होते.

ती जवळ गेली. त्यांनी मान वर केली.

"उघडलं?"

"हो."

"काय होतं गं आत?"

वाटेत तिने जे जे बोलायचं ठरवलं होतं, ते त्यांचे पुसलेले बूट बघून राहूनच गेलं. "भरलेलं होतं, बाबा," ती म्हणाली. "छतापर्यंत. नीट राखलंत तुम्ही."

 त्यांना हसू आलं.

"तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. अगं, दुसऱ्याच वर्षी वादळात कोठाराच्या छपराचा पत्रा उडाला होता. बसवायला मीच चढलो होतो वर."

ती खालीच बसली, त्यांच्या खुर्चीजवळ, मातीत. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग वर कळवलं का नाही?"

"कळवलं असतं तर पहारा उठला असता. मला कुठल्या कुठे धाडलं असतं. वर्षातून एकदा दिसलो असतो तुम्हाला."

"आणि इथे राहून तरी तुम्ही कुठे होतात आमच्याजवळ?" तिचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत हे तिने पहिल्यांदाच विचारलं होतं.

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"दिवेलागणीला तुझी आई तुला घरात बोलवायची ना," ते म्हणाले, "ती मुद्दाम भिंतीशी येऊन हाक मारायची, म्हणजे तुझं 'आले गं आई' मला इथपर्यंत ऐकू यायचं."