कळशीभर पाणी

जमिनीत करंट सोडून खाली गोडं पाणी कुठे आहे ते शोधणारं मशीन घेऊन रितेश रेवसजवळच्या गावात आला होता. मशीनच्या सळ्या ठोकून झाल्या, पण वैशाखातल्या कोरड्याठाक जमिनीत करंट काही उतरेना.

"मावशी, पाणी मिळेल?"

समोरच्या घरातल्या बायजाबाईंनी भरलेली कळशी आणून दिली. मिठाच्या पाण्याने करंट पटकन उतरतो, म्हणून त्याने सवयीने तिच्यात मूठभर मीठ कालवलं. बायजाबाई पुढे झाल्या, पण तोवर मीठ विरघळलं होतं. सळ्यांच्या बुडाशी ओतता ओतता कळशी रिती झाली.

काम आटोपल्यावर तो घाम पुसत म्हणाला, "आता थोडं प्यायला द्या."

"व्हतं त्ये कळशीतच व्हतं, बाबा. टँकर आता परवा येल."

रितेशची मान वर होईना. बांधापलीकडे भरतीची खाडी तुडुंब भरली होती. तिच्या पाण्यात मीठही कालवावं लागलं नसतं.