मधला फोटो

फ्लेक्स वर चढला, दोऱ्या आवळल्या, आणि तेव्हा कुठं स्वप्नाला दिसलं की मधला मोठा फोटो परमेश्वरचा आहे.

जिंतूरच्या बसस्टँडसमोर, केळीच्या गाड्याच्या वर, चांगला म्हशीएवढा. बाजूनं मंचातले बाकीचे, चिंचोक्याएवढे. खाली ठळक अक्षरं: 'समलिंगी असणं गुन्हा नाही. आम्ही तुझ्यासोबत आहोत.'

मागच्या आठवड्यात एका मेळाव्यात सभापतीसाहेब बोलले होते, असली पोरं म्हणजे पिकातलं तण, वेळीच उपटावं. मांडव पोट धरून हसला. स्वप्ना कॉलेजात शिकवायची. तिला राहवलं नाही. चार माणसं गोळा करून तिनं मंच काढला. निवेदन दिलं, ते शिपायानं घेतलं. मग मंचातले सिताराम गुरुजी म्हणाले, आपल्याकडं फ्लेक्स लागल्याशिवाय मेलेलासुद्धा कुणी मेला म्हणून धरत नाही. फ्लेक्स ठरला. माझा फोटो कशाला, असं प्रत्येकजण म्हणाला आणि कुठल्या बाजूनं चांगला येतो तेही सांगून गेला.

फोटो बैठकीतला एकच होता. त्यात कोपऱ्यात परमेश्वर. गाव चारठाणा, जिंतुरात पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान. त्या भाषणानंतर आपल्या पायानं मंचाकडं आलेला तो एकटाच. आईला अजून माहीत नाही, दिवाळीत मीच सांगणार, तोवर मला कुठं दाखवू नका, एवढीच त्याची अट. गुरुजींनी फोटो होता तसा पाठवला. कोपरा कापायला सांगायचं राहून गेलं. आणि फ्लेक्सवाल्याला मंच काय नि भाषण काय. त्याच्याकडं वाढदिवस येतात आणि श्रद्धांजल्या येतात. दोन्हीला मधे एक चेहरा लागतो. त्यानं सगळ्यात तरणा उचलून मधे बसवला. मधे ज्याचा फोटो, फ्लेक्स त्याचा, हे तालुक्यातलं शेंबडं पोरगंही जाणतं.

स्वप्नानं फोन केला. परमेश्वर पळतच आला. चूक कुणाची, हे त्यानं विचारलं नाही.

"मॅडम, लवकर उतरवा. आज बाजार हाय. माय येती."

माय आली होती. मनकर्णाबाई पिशवी पोटाशी धरून फ्लेक्सखाली उभी होती. लेकाचा वाढदिवस कुणी एवढा थाटात केला, म्हणून मनातल्या मनात हरखून तिनं केळीवाल्याला वाचायला लावलं होतं. त्यानं वाचलं. वर फोडून अर्थही सांगितला. हसायला माणसं जमलीच होती.

केळीवाल्यानं परमेश्वरला पाहिलं, मान वर करून फ्लेक्स पाहिला, मग बाईकडं वळला. "ह्योच की त्यो. मावशी, नाक तर तुमचंच दिसायलंय. कोण लागतो तुमचा?"

स्वप्ना पुढं झाली. परमेश्वरनं तिला हातानं अडवलं. तो मायकडं बघत होता. दिवाळीसाठी जुळवून ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडावर आलं होतं, आणि मायलाही ते दिसलं असावं. कारण तिनं नजर काढून घेतली.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "मला लेकच न्हाई."

"मग सुटलात मावशी," कुणीतरी म्हणालं.

तिनं पदर पुढं ओढला. स्टँडातून एक गाडी बाहेर पडत होती, तिला हात केला आणि चढली. पाटी तिला वाचता येत नव्हती. विचारायला ती थांबलीही नाही. कंडक्टरनं घंटी मारली. परमेश्वर माणसं सारत धावला, चालत्या गाडीचा पत्रा थापटत खिडकीशी पोचला. मागं सगळे बघत होते.

"मावशी, उतरा," तो म्हणाला. "ही येलदरीची हाय. तुमची गाडी मागून येती."