सासूचं काम

गाण्याच्या व्हिडिओचं शूटिंग नर्मदाबाईंच्या कुवेंपुनगरातल्या घरी चाललं होतं. विधवा सून नटूनथटून बाहेर निघते आणि सासू तिच्यावर ओरडते, एवढाच प्रसंग. सासूचं काम करणारी बाई आलीच नाही, म्हणून दिग्दर्शक रक्षितने नर्मदाबाईंनाच उभं केलं. चारदा शॉट झाला, पण त्यांचा आवाज काही चढेना.

“अज्जी, जोरात ओरडा ना! सासवा ओरडतातच की.”

“जमत नाही रे मगा, बाळा.”

चहा घेऊन आलेली त्यांची सून चैत्रा पहिला कप सासूच्या हातात देत म्हणाली, “सर, माझे यजमान गेले तेव्हा बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या होत्या. या माझ्या अत्ते, सासूबाई, जन्मात एकदाच ओरडल्या, त्या बायकांवर.”