सुकटीवर आळ

"शी! बसमध्ये काय उंदीर मेलाय का?" पुढच्या सीटवरून कुणीतरी किंचाळलं, आणि मागे बसलेल्या विजू सोमणला हसू आवरेना. पॅरिसचं म्युझियम बघून येताना त्यानं बाजारातलं सगळ्यात घाण वासाचं चीज घेतलं होतं आणि गुपचूप सीटखाली सरकवलं होतं. भिजलेले मोजे आठवडाभर डब्यात कोंडावेत तसा भपकारा! एसी बसच्या काचा काही उघडेनात. सगळी टूर नाकाला रुमाल लावून बसली.

"तांडेलमावशी, तुमची सुकटच असणार!" गोडबोलेकाकू करवादल्या. "टाका बाई ती, मला उलटी होईल."

मावशी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "नीट बांधलीय हो. लेक इथंच असते. तिला सुकटीचे डोहाळे लागलेत, संध्याकाळी भेटायला येतेय."

"मग आम्ही मरायचं का?"

आयफेल टॉवरपाशी बस थांबली. मावशी उतरल्या, पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या आणि पदरानं डोळे पुसत बसल्या. वास जागचा हलला नाही.

विजूला स्वतःचीच शिसारी आली. चीज वर धरून तो ओरडला, "माझंय हे! मावशींचं काही नाही." मग खाली उतरून त्यानं डब्यात कोपरापर्यंत हात घातला. अर्धवट चावलेले बर्गर, वितळलेलं आइस्क्रीम, कुणा बाळाचा बरबटलेला डायपर. तळाशी पिशवी सापडली, गाठ शाबूत.

मावशींनी ती पुसून छातीशी धरली आणि नाक दाबलं.

"मेल्या, लांब हो! पोटुशी पोर येतेय माझी."