चार लिंबं

“बाबा, त्या साध्या टायरवर इकडे येऊ नकोस. डोंगरात स्नो आहे,” कोलोरॅडोहून रेवा म्हणाली. तीन वर्षांनी लेकीने फोन उचलला होता, त्यामुळे दिवाकररावांनी त्याच दुपारी चारही स्नो टायर बसवून घेतले. इथे ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये लोक हाफ पँटवर फिरत होते. दुकानदाराने दोनदा विचारलं, “शुअर?”

घरी येऊन त्यांनी प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवलं. पहिल्या प्रवासाला निघताना ते चिरडायचं असतं.

“दुकानातून घरी आलात तो प्रवास नव्हता का?” बायकोने, सुनंदाने विचारलं. “लिंबं मी सरबताला काढली होती.”

“तो धरायचा नसतो,” म्हणत त्यांनी फोन लावला. “रेवा, टायर घेतले. निघू?”

“बर्फात टायरवर चढवायला चेन्सपण लागतात, बाबा.”

त्यांनी चेन्स आणल्या. मग घाट बंद होता. मग रेवाला फ्लू झाला. दिवाकरराव दूध आणायला सुनंदाच्या गाडीने जाऊ लागले.

एप्रिलमध्ये त्यांनी विचारलं, “आता बर्फ वितळला असेल ना?”

“हो. पण आता स्नो टायरवर नको येऊस. गरम रस्त्यावर झिजतात ते.”

“बघ, किती काळजी आहे तिला,” फोन ठेवून ते सुनंदाला म्हणाले.

“आहेच,” सुनंदा म्हणाली. मग परसातल्या झाडाची चार ताजी लिंबं तोडून तिने, दर शनिवारप्रमाणेच, चाकांखालची वाळलेली लिंबं बदलली.